माझ्या जागी कोण

प्रिय जोतीराम,

फोन केला असता, पण फोनवर तुला माझी धाप ऐकू आली असती. म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नको.

चैत्राच्या यात्रेत वाईकडच्या बँडशी आपला सामना ठरला, हे तू सांगितल्यापासून डोक्यात तेच वाजतंय. इथं कोईमतूरला भट्टीपुढं सोनं गाळताना बोटं चिमट्यावर ट्रम्पेटचे खटके दाबतात. शेठ विचारतो, बोटं का रं नाचतात तुझी? त्याला काय सांगू, हा गडी तिकडं झालरीचा कोट घालून ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभा राहून वाजवायचा, आणि खाली म्हातारीकोतारीसुद्धा नाचायची.

दादासो मास्तरांचा बँड आपल्या जन्माच्या आधीचा. सामना म्हटलं की मास्तर इरेला पेटायचे. शेवटी दोन्हीकडच्या ट्रम्पेटवाल्यांनी एकच सूर धरायचा, आणि ज्याचा दम आधी तुटेल त्याच्या मास्तरानं भर यात्रेत फेटा उतरवायचा. आपल्या मास्तरांवर ती वेळ कधी आली नाही. आता म्हणे ते चावडीवर सांगत बसतात, "माझा विश्वजित येतोय. मग बघू."

शेठ रजा देत नाही असं मी म्हणायचो, आणि तू त्याला शिव्या घालायचास. रजा कवाच मिळालीय रं. पण सोनं ज्यात शुद्ध करतो त्या तेजाबाचा, ॲसिडचा पिवळा धूर छातीत बसलाय. परवा गच्चीवर जाऊन नुसता सूर धरून बघितला, तर डोळ्यांपुढं अंधारी आली. डॉक्टर म्हणतो, हे काम सोड. सोडून गावात येऊ, आणि दुसऱ्यांचं वाजवणं ऐकत बसू?

आता खरं सांगतो. मास्तरांची पोरगी सृष्टी गोठ्याचं दार लावून ट्रम्पेट वाजवायची, आणि त्या आवाजानं म्हैस पान्हा चोरते म्हणून तू तिला चिडवायचास. तिचा सूर माझ्यापेक्षा लय लांब जातो, हे तुलाबी ठाऊक आहे. मास्तर पोरीला बँडात उभं करायचे नाहीत; आणि मी येणार म्हणून जागा अडवून बसलो, तर तिला कुणी विचारणारही नाही. म्हणून हे पत्र त्यांच्यापुढं मोठ्यानं वाच. ते ओरडतील, ओरडू दे. माझ्या जागी ती उभी राहिली तरच मी येत नाही हे त्यांना पटेल. न्हाईतर गड्या, ते मरेपर्यंत माझी वाट बघतील.

तुझाच,
विश्वजित