गाठीचे राखणदार

कुरुंदा, १४ मार्च २००६, संध्याकाळ

नांदेडचा डॉक्टर म्हणाला, बाबांच्या फुफ्फुसातल्या गाठीभोवती शरीराच्याच राखणदार पेशी जमल्यात, पण तिला मारायचं सोडून तिलाच पोसून राहिल्यात. मला आधी काकाच आठवला. बाबांना बिडी मिळू नये म्हणून ज्याला खाटेपाशी बसवलं, तोच चोरून बिडी पाजतो. हरामखोर! आज त्याच्या हातातली काडीपेटी हिसकावली.

"भावाची तकलीफ बघवत न्हाई रे," म्हणे.

हाकलून दिला. त्याच्या जागी मी बसलो. बाबांनी उशीखालून बिडी काढली आणि नुसते माझ्या मुठीतल्या काडीपेटीकडं बघत राहिले.

"एकच, लेकरा."

काहून ऐकलं मी? काडी मीच ओढली.