सर्व्हरच्या खोलीतलं ताक

सुपा, बुधवार

ती. काकासाहेब मामा,

सुकन्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (मामी फोनवर ‘बरे आहेत’ म्हणते, पण ती सगळ्यांचंच सगळं बरं सांगते.) कोल्हारला ऊन किती आहे ते विचारत नाही, कारण इथल्या उन्हानंच हा सगळा घोळ घातला.

मी या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळते हे तुम्हाला ठाऊकच आहे. बिलं, गेटपास, हजेरी सगळं ज्या सर्व्हरवर चालतं तो एका छोट्या खोलीत असतो आणि तो तापू नये म्हणून तिथे एसी आहे. एप्रिल लागला आणि लोकांना त्या खोलीचा शोध लागला. कॅन्टीनवाल्यांनी ताकाची घागर आणून ठेवली. स्टोअरचा हनुमंत जेवण करून तिथेच आडवा होऊ लागला. आमचे मॅनेजर गोरक्षनाथ साहेब दर गुरुवारी शिर्डीला जातात, त्यांचे हार थेट सर्व्हरच्या डोक्यावर. (पाणी शिंपडलेले.) शेवटी एक दिवस हार, ताक आणि हनुमंत, तिघांनाही मी बाहेर काढलं आणि कुलूप लावलं.

साहेबांना ते लागलं. ‘मशीनला कसला आलाय उकाडा? आमी पत्र्याखाली जलम काढला,’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वीजबचत म्हणून पॅनेलवरून एसीच बंद करून टाकला. मला पत्ताच नाही. दुपारी सर्व्हर तापून बसला. बिल निघेना, बिलाशिवाय गाडी सुटेना. भरलेले ट्रक पार पुणे रस्त्यापर्यंत उभे राहिले आणि साहेब ड्रायव्हरांसमोर मोठ्यानं म्हणाले, ‘ह्या बाईनं कंपनी बंद पाडली.’

मी पॅनेल उघडून सगळ्यांना बटण दाखवलं, एसी लावला आणि सांगितलं, खोली गार होईपर्यंत सर्व्हरला हात लावणार नाही. मालक भागवतशेठांचा फोन आला, ‘ताबडतोब चालू करा.’ मी म्हटलं, ‘आत्ता केला तर डिस्क जाईल आणि वर्षभराच्या नोंदी तिच्याबरोबर. त्यापेक्षा मला काढून टाका.’ शेठ म्हणाले, ‘बरं, थांबा मग.’ संध्याकाळी सर्व्हर सुरू झाला, एकही नोंद हरवली नाही, सगळ्या गाड्या सुटल्या. तेव्हापासून एसीचं बटण फक्त माझ्या ताब्यात आहे.

आता साहेबांना माझ्याकडून लेखी माफी हवी आहे. (त्या गर्दीत मी त्यांना ‘तुमच्या केबिनचा एसी बंद करून तासभर बसून दाखवा’ म्हणाले होते. ड्रायव्हर हसले, त्याला मी काय करू?) शेठ म्हणतात, दोन ओळी लिहा आणि मिटवा. मी लिहिणार नाही. नोकरी गेली तर तुमच्याकडे येऊन उसाला पाणी देईन, पण लिहिणार नाही.

तुमची भाची,
सुकन्या

ता. क. सोबत माफीनाम्याचा मसुदा जोडला आहे. तुम्ही जन्मभर शाळेत मराठी शिकवलंत, तेवढा तपासून लगेच पाठवा.

आणखी एक ता. क. त्यात ‘माफी’, ‘चूक’ आणि ‘दिलगिरी’ हे शब्द मी कुठेही येऊ दिलेले नाहीत. कृपया तुम्हीही घालू नका.