मुळा संख्या

ता. ९ ऑगस्ट

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर हे माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

यंदा माझ्या वर्गात सुतारांची मुलगी आली आहे. तिला ऐकू येत नाही. म्हणून शाळेनं माझ्या गळ्यात छोटासा माईक अडकवलाय. मी बोलले की आवाज थेट तिच्या कानातल्या यंत्रात जातो आणि बोललेलं समोरच्या पडद्यावर अक्षरांत उमटतं. पडदा मोठा विनोदी आहे. परवा मी मूळ संख्या शिकवत होते, त्यानं लिहिलं मुळा संख्या! वर्ग हसून लोळला. मी पडदा बंद केला आणि फळ्यावर आकडे मांडता मांडता, पाठमोरीच, चूक तोंडानं दुरुस्त केली.

संध्याकाळी घरी वह्या तपासल्या. सगळ्यांनी मूळ लिहिलेलं, सुतारांच्या मुलीनंसुद्धा. एकाच वहीत सुबक अक्षरात होतं: २, ३, ५ या मुळा संख्या आहेत. वही तुझ्या भिंगरीची.

वही तशीच उघडी ठेवून मी उठले, दादा. ती खिडकीशी चित्र रंगवत बसली होती. मागे उभी राहून हाक मारली. वळली नाही. मग फरशीवर ताट आपटलं. खिडकीतली मांजर पळाली, पोरगी रंगवतच राहिली.

काल तपासणी झाली. दोन्ही कान निम्म्याहून जास्त गेलेत, बहुधा तीन-चार वर्षांपासून. पोर ओठ वाचून दिवस काढत होती. वर्षभर एका घरात राहून मला, शिकवणाऱ्या बाईला, पत्ता नाही!

जीव लावतोस, तसाच लावत राहा.

तुझी,
धाकटी


ता. १३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र कारखान्यात लेथ मशीनजवळ उभ्यानंच वाचलं. हातातलं काम तसंच फिरत राहिलं. शेवटी मिस्त्रींनी येऊन मशीन बंद केलं आणि मला स्टुलावर बसवलं.

तिची आई गेली आणि पोरगी हाकेला ओ देईनाशी झाली. मी तिला हट्टी ठरवलं. मारलंय गं मी तिला. दोनदा. मग वळण लागावं म्हणून तुझ्याकडे धाडली. दर रविवारी फोनवर हो बाबा, हो बाबा, एवढंच. एकदा विचारलं, माझ्यावर रागावलीस का? हो बाबा, म्हणाली. ते उरात घेऊन वर्षभर फिरतोय. तिनं काय ऐकलं होतं, देव जाणे.

मला एका शब्दानं का नाही सांगितलं, तेवढं तिला विचार. यावंसं वाटतं, पण कोणत्या तोंडानं येऊ?

तुमच्या दोघींवर माया आहे, ती धड दाखवता आली नाही.

तुझा,
दादा


ता. १९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

भिंगरीला यंत्रं बसली. पहिल्या दिवशी पंख्याला बिचकली. भाजी फोडणीला टाकली तर धावत आली, काय फुटलं म्हणून.

तुझा प्रश्न विचारला. तिला सगळं ठाऊक होतं, दादा. अगदी शांतपणे म्हणाली, हाक ऐकली नाही म्हणून बाबांनी इथे पाठवलं. कानच गेलेत हे कळलं असतं, तर तू मला कुठे पाठवलं असतंस?

मी तिला पोटाशी धरलं.

तोंडाचा विचार करू नकोस. आहे त्या तोंडानं ये.

तुझी,
धाकटी


ता. २२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
बाबाचे पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

तुला मारलं ते चुकलं. पाठवून दिलं तेही चुकलं. आता तुला कुणी कुठे पाठवणार नाही. माझ्याकडे यायचं की आत्याकडे राहायचं, तू सांगशील तसं. महिन्याची रजा टाकली आहे.

शुक्रवारी शाळा सुटताना फाटकापाशी उभा असेन. हाक मारणार नाही. तुझं लक्ष जाईपर्यंत दोन्ही हात हलवत राहीन.

तुझा,
बाबा