प्रत्येक घरात एक खांब

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी.
बीपी १५०/९०. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहून ठेवा. म्हणून ही वही. आकड्याखाली बरीच जागा उरते. वाया कशाला घालवायची? बाकीचंही लिहीन.

बायको नादिदे शेरमिनकडे इझमीरला गेली, गुडघ्याच्या ऑपरेशनला. लेकीकडे पंधरा दिवस राहते म्हणाली होती. तेव्हा अंगणातली डाळिंबं हिरवी होती. आता फुटून खाली पडताहेत. शहरातले डॉक्टर पेशंटला उगाच अडकवून ठेवतात.

पण येईल. विणायची टोपली इथेच आहे. ही बाई टोपलीशिवाय माहेरी गेली नाही, लग्नाकार्याला गेली नाही. माझ्या आईच्या मयताला बायका आल्या तेव्हासुद्धा कोपऱ्यात टोपली घेऊन बसली होती. टोपली ठेवून गेली याचा अर्थ सरळ आहे.

टोपलीत शेजारच्या मुबेरा हानिमच्या मुलीच्या रुखवतातली लिफं आहेत, अंग घासायची. चार झाली आहेत, डझनभर कबूल केली आहेत. लग्न वसंतात.

ठरवलं. बाकीची मी करणार. नादिदे येऊन बघेल आणि तोंडात बोट घालेल. अवघड काय आहे? दोरा, वाकडी सुई आणि दहा बोटं. मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींचा काटा सांभाळलाय, कधी एका किलोची चूक नाही. शाळा पाचवीपर्यंत असली म्हणून काय झालं. दोन दिवसांत शिकतो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर.
बीपी १६०/९५. फोनवर व्हिडिओ बघितला. बाई फार भराभर करते, शिकवायची दानत नाही.

साखळी झाली. पण इतकी घट्ट की सुई आत जाईना. दात लावून ओढली. दोष सुईचा आहे. शिवाय दाराखालून वारा येतो, वाऱ्याने बोटं आखडतात. दाराशी टॉवेल लावला. उद्या होईल.

गुरुवार, ७ नोव्हेंबर.
मुबेरा हानिम सूप घेऊन आली. माझ्या हातात सुई बघून उंबऱ्यावरच हसत बसली. मला थोरला भाऊ मानते. म्हणाली, वेहबी आबी, हे लिफ आहे का कंदिलाची वात? मी म्हटलं, हसू नकोस, तुझ्याच पोरीच्या रुखवतासाठी जीव काढतोय. मग जवळ बसून शिकवलं. पहिली साखळी हाताच्या पंजाएवढी. मग उलटायचं आणि जाळीच्या प्रत्येक घरात एक खांब घालत जायचं, मध्ये एक साखळी. टोक आलं की परत उलटायचं.

विचारलं, एका ओळीत खांब किती? म्हणाली, मोजतंय कोण? मी म्हटलं, न मोजता कसं होईल, हिशेबाचं काम आहे. तर म्हणे, अहो आबी, घर दिसलं की खांब घालायचा. मी नवऱ्याशी भांडता भांडता विणते, मालिका बघत विणते, पोरांना शिव्या देत विणते. साध्या लिफात मोजण्यासारखं आहे काय?

ही नवीनच माहिती. नादिदे विणायला बसली आणि मी काही बोलायला गेलो, गॅसचं, पाण्याच्या नळाचं, किंवा माझ्या भावाने वाटणीत केलेल्या अन्यायाचं, की ती म्हणायची, थांबा, मोजतेय. मी थांबायचो. मोजणाऱ्या माणसाला मध्ये बोलू नये, हे मी काट्यावर शिकलोय. ती ओळ संपवून दुसरी ओळ घ्यायची. बोलायचं राहून जायचं.

बिचारी. संसारभर उगाच मोजत बसली. कोणी सांगितलंच नाही तिला. आली की पहिली गोष्ट हीच शिकवीन.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर.
दुपारी फोन केला. शेरमिनने उचलला. म्हणाली, बाबा, आई झोपलीय. मागे कोणीतरी बाई खदखदून हसत होती. विचारलं, कोण हसतंय? म्हणाली, टीव्ही. टीव्ही फार मोठ्याने लावतात. पेशंटच्या घरात असं करू नये, हे तिला सांगितलं. नंतर गॅस बघितला, बंद होता.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.
बाजाराचा दिवस. दोरा आणायला गेलो. दोऱ्याच्या गाड्यावरच्या बाईने विचारलं, आजोबा, आजीने चिठ्ठी दिलीय का? मी म्हटलं, मीच विणतो. तिने शेजारच्या चीजवालीला हाक मारली, अगं ये, हे बघ! दोघींनी माझी बोटं हातात घेऊन बघितली. चीजवाली म्हणाली, आमच्या घरी असा एखादा असता तर त्याला मी काचेच्या कपाटात ठेवलं असतं. कौतुक होतं असं मी धरतो.

मग दोरेवालीने आजी कुठे म्हणून विचारलं. गुडघ्यांचं सांगितलं. म्हणाली, माझ्या सासूचे दोन्ही गुडघे बदलले, आणि महिन्याभरात ती ऑलिव्ह वेचायला शेतात हजर. तुमची कधी गेली म्हणालात?

अशा बायकांना माणसाच्या प्रकृतीतला फरक कळत नाही. नादिदे पहिल्यापासून नाजूक. निळा दोरा घेतला, तिला आवडतो. का हिरवा आवडतो? घरी आल्यावर लगेच घेतलं. बीपी १७०.

मंगळवार, १९ नोव्हेंबर.
पहिलं लिफ पूर्ण. चौकोनी सुरू केलं होतं, त्रिकोणी झालं. ओळ उलटताना कडेचं घर निसटतं, म्हणे. मुबेरा हानिमने उसवायला सांगितलं. उसवणार नाही. त्रिकोणी लिफाचं टोक कानामागे, बोटांच्या फटीत छान पोचेल. असं कोणाला आजवर सुचलं नव्हतं एवढंच.

नादिदेशी बोलणं झालं. मी म्हटलं, विणायला शिकलो. ती म्हणाली, बरं केलंत. मी म्हटलं, तुझं अर्धं राहिलेलं पुरं करतोय. ती म्हणाली, बरं. जेवता ना? मी म्हटलं, अंडी उकडतो. ती म्हणाली, बरं. लाइन खराब असावी, पुढे काही ऐकू आलं नाही.

परत कधी, हे विचारायचं राहिलं. मुद्दामच राहू दिलं. बायकांना घाई केलेली आवडत नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर.
पाऊस. कुठे जाता आलं नाही. विणता विणता एक आठवलं आणि सुई तशीच राहिली.

नादिदे अक्रोड फोडतानाही म्हणायची, थांबा, मोजतेय. तेव्हा मला वाटायचं, अक्रोड मोजतेय. पण अक्रोड तर आमच्याकडे पोत्याने येतात. आणि एकदा इझमीरच्या बसमध्ये खिडकीशी बसली होती, हात मांडीवर, हातात काही नाही, डोळे मिटलेले. मी तिला भावाचं सांगत होतो. तेव्हाही म्हणाली, मोजतेय. मी काय मोजतेस ते विचारलं नाही. विजेचे खांब असतील.

मोजायची सवयच असते काही लोकांना. मलाही आहे.

शुक्रवार, ६ डिसेंबर.
माझी आठ लिफं तयार. चार चौकोनी, बाकीची आपापल्या आकाराची. नादिदेच्या चारांसकट मुबेरा हानिमकडे नेली. रुखवताला दोरीवर मांडलेली वस्तू बायका चिमटीत धरून चोळून बघतात, तशी तिने एकेक चोळली. मुलीनेही चोळली. मुलीचा मी आमजा, काका. म्हणाली, आमजा, फार मजबूत आहेत. मुबेरा म्हणाली, आबी, रागावू नका, पण हे नवरीच्या अंगाला लावलं तर पहिल्या आठवड्यात साल निघेल. नादिदेने केलेली चार बास झाली, बाकीची माझी बहीण देतेय.

मी म्हटलं, मग भांड्यांना वापर. तिने वापरलं. नव्या पॅनचं काळं अस्तर निघालं. त्यात पॅनचा दोष आहे.

पण वाईटातून चांगलं. कॉफीच्या दुकानात पिशवी बघून मशिदीतल्या इदरिसने विचारलं. इदरिस मयत धुतो. चोळून बघून म्हणाला, मला चालतील, सगळी दे. आमच्याकडे एकदा वापरून टाकून देतात, आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही. सगळे हसले. म्हातारा रिफात म्हणाला, वेहबी, माझ्यासाठी मऊसं एक बाजूला ठेव रे. हसू देत. नादिदेच्या लिफांना मागणी रुखवतापुरती. माझ्या मागणीला खंड नाही.

तिला फोन करून सांगणार होतो. मग वाटलं, मयताचं फोनवर नको.

रविवार, १५ डिसेंबर.
आता ठरलं. दोन उत्तम लिफं करायची, सैल हाताने, चौकोनी, आणि स्वतः नादिदेकडे घेऊन जायची. माझा अंदाज असा: मी एकटा कसाबसा राहतोय अशी तिची समजूत असेल, आणि आल्यावर सगळं पुन्हा अंगावर पडेल ही धास्ती. लिफ हातात घेतलं की तिची खात्री पटेल. मग त्याच बसने दोघं परत. तिच्यासाठी खिडकीची सीट.

शेरमिनला कळवलं. म्हणाली, बाबा, पावसात कशाला त्रास घेता? काळजी करते पोरगी. पलंगाच्या चादरी बदलल्या. तिच्या बाजूची उशी उन्हात ठेवली, ऊन गेल्यावर आत आणली.

रविवार, २२ डिसेंबर. संध्याकाळी, घरी.
जाऊन आलो.

चौथा मजला. दार जावयाने, तुंजायने उघडलं. गॅलरीतून हसण्याचा आवाज. टीव्ही बंद होता. काचेतून नादिदे दिसली. दोन शेजारणींबरोबर बसली होती, पाय खुर्चीवर. हात रिकामे. हातांनी हवेत काहीतरी करून दाखवत होती, कोणाची तरी नक्कल, आणि त्या दोघी डोळे पुसत होत्या. मी पॅसेजमध्ये उभा राहिलो. ती बोलत होती. थांबतच नव्हती. संसारभरात मी तिला एका दमात इतकं बोलताना ऐकलेलं नाही.

मग तुंजायने आवाज दिला. ती उठून आली. काठी नाही, लंगडणं नाही. आलात, म्हणाली. शेजारणी चपला घालून गेल्या.

डाळिंबं दिली. लिफं दिली. तिने उलटसुलट करून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं. छान झालीत, म्हणाली. मला वाटलं, हीच वेळ. सांगितलं, नादिदे, एक फार महत्त्वाची गोष्ट. साध्या लिफात मोजावं लागत नाही. घर दिसलं की खांब घालायचा. मुबेराने दाखवलं. तू उगाच इतकी वर्षं डोकं शिणवलंस. आता मोजू नकोस, विणता विणता आपण बोलू.

शेरमिन उठून स्वयंपाकघरात गेली. तुंजाय चहाच्या ग्लासात बघत बसला.

नादिदे म्हणाली, ठाऊक आहे मला.

मी विचारलं, कधीपासून?

म्हणाली, माझ्या आईने शिकवलं तेव्हापासून. चहा घ्या, गार होतोय.

चहा घेतला. मी विचारलं, हल्ली विणत नाहीस? म्हणाली, गरज पडत नाही. मग विचारलं, परतीची बस किती वाजता तुमची? तुमची म्हणाली. मी दोन तिकिटं काढली होती ते सांगितलं नाही. तिने मला पावाचे तुकडे आणि चीज बांधून दिलं, नीट, पूर्वीसारखं.

माझं मत: गुडघ्याच्या औषधाचा डोक्यावर परिणाम झालाय. इतकी बडबड, इतकं हसणं, ही नादिदे नव्हे. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला हवं. शेरमिनला सांगायचं. खिडकीच्या सीटवर चीजची पुडी ठेवून आलो.

बीपी घेतलं नाही. बसच्या प्रवासानंतर आकडा खरा येत नाही.

बुधवार, १ जानेवारी.
नवीन संकल्प. बोलणं कमी. भावाचा विषय बंद. ती आल्यावर फक्त ऐकणार. आज दिवसभर प्रॅक्टिस केली, कोणाशी बोललो नाही. सोपं आहे.

शनिवार, ११ जानेवारी.
तुंजाय व्हॅन घेऊन आला. बरोबर एक हमाल. म्हणाला, आईंचा संदूक न्यायला सांगितलाय. लग्नात आणलेला, अक्रोडाच्या लाकडाचा, पलंगाच्या पायथ्याशी असतो तो. मी म्हटलं, गरम कपडे हवे असतील तर पिशवीत भरून देतो, संदूक कशाला? तो म्हणाला, आईंनी संदूकच म्हटलंय, बाबा.

मी म्हटलं, थांब जरा. आणि संदुकावर बसलो.

थकलो होतो म्हणून बसलो. खुर्ची लांब होती.

हमाल हसायला लागला. म्हणाला, हाजी आमजा नवरीचा भाऊ झाला! आमच्याकडे नवरी माहेरातून निघताना तिचा धाकटा भाऊ संदुकावर बसतो आणि नवऱ्याकडच्यांनी बक्षीस दिल्याशिवाय उठत नाही. नादिदेच्या वेळी तिचा भाऊ असाच बसला होता. मी घाईत होतो, त्याच्याशी हुज्जत घातली होती.

तुंजाय हसला नाही. उभा राहिला. मीही बसून राहिलो. बाहेर व्हॅनच्या मागे कोणाचा तरी ट्रॅक्टर अडला, हॉर्न वाजवू लागला. मुबेरा हानिम तिच्या दारात येऊन उभी राहिली. मला तुंजायला विचारायचं होतं, ती काही म्हणाली का. विचारलं नाही. संकल्प आहे.

मग तुंजायने खिशातून एक नोट काढली, घडी केली, माझ्या गुडघ्यावर ठेवली. हळू आवाजात म्हणाला, बाबा, तुमचा हक्क.

मी घेतली. का घेतली माहीत नाही. हात पुढे गेला.

मग उठलो. घेतल्यावर बसून राहता येत नाही, तशी रीत आहे.