आजीच्या खोलीतलं भूत

सोमवार, १७ नोव्हेंबर
नववीचं इतिहास-नागरिकशास्त्राचं प्रोजेक्ट मिळालं. विषय : माझं घर, शंभर वर्षं. घरातल्या मोठ्यांची मुलाखत घ्यायची, सोर्स तपासायचा आणि डिसेंबरमध्ये सगळ्यांच्या घरच्यांसमोर सादर करायचं. मागच्या वेळी मला सहापैकी तीन होते. या वेळी सहाच. आजपासून रोज दोन तास अभ्यास. आज सोडून, आज फुटबॉल होतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
आजीची मुलाखत. विचारलं, तुझी शाळा कशी होती. म्हणाली, होती. हॉस्टेलमध्ये राहायचीस ना, फियॉर्डच्या त्या टोकाला? हो, लापशी मिळायची. मग? मग काय, मोठी झाले, तुझ्या आजोबांशी लग्न केलं, आता ते मोजे वाळत घाल.
सोर्स म्हणून आजी वीक आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
सूर्य गेला, इथे नॉर्वेच्या उत्तर टोकाला तो आता जानेवारीतच उगवणार. दुपारी शाळेतून आलो तर घरात काळोख. आजी जेवून तिच्या खोलीत झोपलेली. आणि त्याच खोलीतून आवाज. बारीक, लहान मुलीचा. नॉर्वेजियन नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा, मग मुसमुसणं.
मी बूट न काढताच बाहेर आलो. ताजी हवा घ्यायला.
आमच्या घरात भूत आहे. आजी बिचारी गाढ झोपते, तिला पत्ताच नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर
प्रोजेक्टचा विषय आता भूत. असा सोर्स वर्गात कुणाकडेच नसणार.
बाबांना सांगितलं. म्हणाले, वारा असेल. मी म्हटलं, वारा रडतो का? त्यांनी रेडिओ मोठा केला.
माझं मत : भूत हजारेक वर्षांचं, भाषा व्हायकिंग लोकांची. ऐकायला थोडीशी एल्लेसारखी वाटते. एल्ले म्हणजे वर्गातली नवी मुलगी, आतल्या पठारावरून आलेली, सामी, म्हणजे इथल्या मूळच्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या लोकांपैकी. आईशी फोनवर बोलते तेव्हा तशीच वाटते. पण आमच्या घराण्यात सामी कोणी नाही. बाबांनीच सांगितलंय. दोनदा. मी विचारलेलं नसताना.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
रेकॉर्डिंग झालं. फोन दाराला लावून ठेवला. मी मात्र स्वयंपाकघरात थांबलो, दाराशी थंडी होती. हीटर चालू होता, पण तरी.
एल्लेला ऐकवावं असं वाटलं. पण मग प्रोजेक्टवर तिचंही नाव टाकावं लागेल. नकोच.
टोरून टीचरना म्हटलं, सरप्राइज आहे. त्या म्हणाल्या, सरप्राइज दे, पण सोर्स कोण ते लिही. लिहिलं : अज्ञात मुलगी, अंदाजे इ.स. ९५०.

गुरुवार, ४ डिसेंबर
हॉलमध्ये वाफल आणि कॉफी. आजी ठेवणीतलं स्वेटर घालून पहिल्या रांगेत. मी माहिती सांगितली आणि रेकॉर्डिंग लावलं. मागून कोणीतरी म्हणालं, मांजर आहे रे ते. हशा झाला. पण सगळी म्हातारी माणसं जमिनीकडे बघत होती. बाबा कोट घालायला लागले. मला वाटलं, घाबरले सगळे, छान. मी आवाज वाढवला.
एल्ले उभी राहिली. म्हणाली, बंद कर ते. मी म्हटलं, तुला काय कळतंय? ती म्हणाली, कळतंय म्हणूनच सांगतेय. लहान मुलगी आहे. टीचरला विचारतेय, बाहेर जाऊ का, मला जोरात लागलीय. नॉर्वेजियनमध्ये कसं विचारायचं ते तिला येत नाहीये, आणि तेव्हा शाळेत आमची भाषा बोलायला बंदी होती.
एल्ले खाली बसली. रेकॉर्डिंगमध्ये मुसमुसणं सुरू झालं होतं.
आजीने वाफलची प्लेट खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, चला घरी. गाडीत मी म्हटलं, डिलीट करतो. ती म्हणाली, कर नाहीतर ठेव, मला काय त्याचं. बाबा रस्त्याकडे बघत होते. रस्ता सरळ होता.

शुक्रवार, ५ डिसेंबर
सहा नाही. तीनही नाही. टोरून टीचर म्हणाल्या, याला मार्क कसे द्यायचे ते मला कळत नाहीये.
एल्लेने विचारलं, तुझी आजी ना ती? मी म्हटलं, भूत. ती म्हणाली, हां, तेच.
मग मी तिला विचारलं, तुमच्या भाषेत 'हो, जा बाळ' कसं म्हणतात. तिने माझ्याकडून घोकून घेतलं. शेवटी म्हणाली, चालेल. म्हणजे मला एकदम परफेक्ट येतंय.

रविवार, ७ डिसेंबर
जेवण झाल्यावर आजी झोपली. आवाज सुरू झाला. या वेळी मी आत गेलो. पलंगाजवळ उभा राहिलो आणि शिकलेलं म्हटलं. एकदा हळू, एकदा मोठ्याने.
आवाज थांबला.
मग आजी डोळे न उघडता नॉर्वेजियनमध्ये म्हणाली, उच्चार चुकतोय तुझा.
मी विचारलं, मग बरोबर कसा?
ती भिंतीकडे वळून झोपली.