अनुक्रमांक अकरा

ब्रह्मपुरी
रविवार, १८ मे

प्रिय वच्छला,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण खोडाखोडीचा मला सध्या इतका वैताग आलाय की राहू दिलं. वर तारीख आणि वार नीट घातले आहेत, म्हणजे निदान त्यावरून तरी तू हा कागद परत पाठवणार नाहीस. तीन गल्ल्या ओलांडून मी तुझ्या दारात येऊ शकले असते. पण मी बोलायला लागले की तू दुसऱ्याच वाक्याला हात वर करून मला गप्प करतेस, आणि मी गप्प बसते. पन्नास वर्षं हेच चाललंय. म्हणून हे पत्र तुझ्या फाटकाच्या जाळीत खोचून जाणार आहे.

गेले तीन बुधवार मी वर्गाला आले नाही. रजेचा अर्ज दिलेला नाही, देणारही नाही. न कळवता तीन बुधवार गैरहजर म्हणजे हजेरीपटावरून नाव कमी, हा आपला नियम. तेव्हा घे तुझी लाकडी पट्टी, घे तुझा लाल पेन, आणि इसरूच्या नावावर मारलीस तशीच सरळ रेघ माझ्याही नावावर मार. बघू तुला जमतं का. तुला कुणी सांगितलं नसेल, तुला काही सांगायची लोकांना भीतीच वाटते, म्हणून मी सांगते. इसरू येत्या गुरुवारी सकाळच्या बसने आलापल्लीला चाललाय, तिथून पुढे आपल्या गावी, कायमचा. त्याची मुलगी दिव्यानी, ती दवाखान्यातली नर्स, मला बाजारात भेटली. भाजीची पिशवी हातात धरून रडली. म्हणाली, 'बाई, बाबाले लय समजावलं, पण आता शिकनं नाई म्हनते. पाटी माह्या पोराले देऊन टाकली.'

चार वर्षांपूर्वी वाचनालयाच्या माडीवर आपण हा वर्ग सुरू केला, तेव्हा काय ठरलं होतं, आठवतं? ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं, बाकीच्यांनी सतरंजीवर बसून शिकायचं. कोण कुठल्या हुद्द्यावरून निवृत्त झाला हे कुणी कुणाला विचारायचं नाही. पहिले दोन महिने किती छान गेले! आपले बापूराव कंडक्टर, त्यांनी डोळे मिटून ब्रह्मपुरी ते सिरोंचा मार्गावरचे सगळे थांबे सांगितले आणि प्रत्येक थांब्यावर चहा कुणाचा चांगला तेही सांगितलं. मी मोबाईलवर अर्ज भरायला शिकवलं. आणि मग तू घंटा आणलीस. मग हजेरी आली. मग उशिरा येणाऱ्याने दाराबाहेर उभं राहायचं आलं. मार्कंड्याला सहल नेलीस, तर सत्तरीच्या माणसांना जोड्या करून, हात धरून रांगेत चालायला लावलंस! बापूराव बिचारे माझा हात धरून देवळाभोवती फिरले आणि खांबावरची एकही मूर्ती त्यांनी धड पाहिली नाही, कारण रांग मोडली असती. हसू येत होतं तेव्हा. आता राग येतो. शाळेतून तू निवृत्त झालीस, पण शाळा काही तुझ्यातून निवृत्त झाली नाही, आणि आम्ही सगळे जन्मभर साहेबाखाली वाकलेले, आम्हालाही ते बरंच वाटलं. नियमाला हात वर केला तेव्हा सगळ्यात आधी माझा होता, हे मी नाकारत नाही. रजेचा अर्ज लेखी आणि तारखेसह असावा, ही सूचना तर माझीच. अर्ज घेऊन तुझ्याकडे पोचवायचं कामही मी हौसेने अंगावर घेतलं. छत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

इसरूला मीच आणलं होतं. आलापल्लीला मी वनखात्यात नोकरीला होते तेव्हापासून त्याला ओळखत होते. तो जंगलात रोजंदारीवर. वणवा अडवायला जाळरेषा काढायच्या, रोपं लावायची, सागाचे लठ्ठे ओढायचे. सकाळी डेपोवर हजेरी व्हायची. काम असलं की मस्टरवर नाव यायचं, काम संपलं की नाव कापलं जायचं. ते मस्टर माझ्याच हाताखालचं. नाव पुकारलं की बाकीचे मजूर बसल्या जागेवरून ओ द्यायचे, इसरू मात्र उभा राहायचा आणि 'हाजिर' म्हणायचा. आपल्या वर्गात भरायला फॉर्म दिला, त्यात निवृत्तीची तारीख असा रकाना होता. तो मला म्हणाला, 'बाई, मी कई नोकरीत लागलोच नाई, त रिटायर कसा होऊ? काम सुटलं तवा सुटलं.' जन्मतारीखही त्याला ठाऊक नव्हती. मी दोन्ही रकान्यांत आडवी रेघ ओढली आणि त्याला अनुक्रमांक दिला, अकरा. तो मला तीनदा विचारून गेला, की आता हे नाव पावसाळ्यात कापणार तर नाही ना. मी म्हटलं, नाही इसरूभाऊ, इथलं नाव कायम. हे माझे शब्द, वच्छला. 'कायम' हा शब्द त्याला आयुष्यात पहिल्यांदा मी दिला होता.

आता जे तुझं आहे ते तुला द्यायलाच हवं, नाहीतर मी खोटारडी ठरेन. त्याला लिहायला तू शिकवलंस. त्र्याहत्तरीच्या माणसाचा हात हातात धरून दीड वर्ष 'अ' गिरवून घेणं मला जमलं नसतं. वर्ग संपला की तू चहाला थांबायची नाहीस, त्याला घेऊन बसायचीस. वर्गात पुस्तकातली भाषा बोलणारी तू त्याच्याशी मात्र 'इथी वळव, असा, मोडू देऊ नोको' असं बोलायचीस. त्याच्या पाटीवर लाल खडूने चुका काढायचीस. मला वाटायचं, त्याचा अपमान होत असेल. एकदा तसं बोललेही, तर तो हसला आणि म्हणाला, 'म्याडम चूक काडते म्हनजे वाचते ना बाई. न वाचता कोन चूक काडन?' पाटी घरी नेताना तो तुझी लाल खूण पुसायचा नाही, कडेला धरून न्यायचा. दिव्यानीला दाखवायचा.

आणि त्याची शिकवायची पाळी आली तेव्हा तू काय केलंस? त्याने एकवीस झाडांची पानं फडक्यात बांधून आणली होती. डोळे मिटायचे, पान चुरगळायचं, वासावरून झाड ओळखायचं. बापूराव तर लहान मुलासारखे खूश झाले. इसरू प्रत्येक पानाचं गोंडी नाव सांगत होता आणि तू मध्येच म्हणालीस, 'शुद्ध नाव सांगा, वहीत लिहायचं आहे.' पुढची अकरा पानं त्याने नुसतीच हातात दिली. मी तेव्हाच तुझ्यावर ओरडायला हवं होतं.

मग मोहफुलांचे दिवस आले. दरवर्षी तो गावी जातो, हे सगळ्या वर्गाला माहीत आहे. म्हातारी बहीण एकटी असते, पहाटेच्या उजेडात झाडाखाली पडलेली फुलं वेचायला तिच्या सोबत कुणी नसतं. एप्रिलमधले तीन बुधवार तो नव्हता. चौथ्या बुधवारी आला, उन्हाने रापलेला, आणि सगळ्यांसाठी पळसाच्या पानाच्या दोण्यात वाळलेला मोह घेऊन. आपल्या खिडकीजवळच्या जागी बसला. तू अनुक्रमांकाने हजेरी सुरू केलीस. नऊ म्हटलंस, तेव्हाच त्याने गुडघ्यावर हात टेकले, कारण उठायला त्याला वेळ लागतो. दहा म्हटलंस. तो उभा राहिला. आणि तू बारा म्हणालीस.

तो तसाच उभा होता. बापूराव बोलले, 'बाई, इसरूभाऊ राह्यले ना.' तू मान वर केली नाहीस. 'नियम सर्वांना सारखा,' एवढंच म्हणालीस आणि तेरा पुकारलंस. माणूस डोळ्यांसमोर उभा आहे, तोंड उघडून 'हाजिर' म्हणायला तयार आहे, आणि तुला कागदावरची रेघ जास्त खरी वाटली! सगळी हजेरी संपेपर्यंत तो उभाच राहिला, मग दोणे खिडकीत ठेवून, चपला हातात घेऊन जिना उतरला. तू फळ्यावर विषय लिहिलास. विषय होता, 'वाचनाचा आनंद'. मला शिसारी आली तुझी.

घरी आल्यावर मला सारखी वसतिगृहातली ती मुलगी आठवत होती. आठवीत होतो आपण. पहिल्याच दिवशी जेवणाच्या ओळीत मी बसले आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या मुली ताट उचलून सरकल्या. आडनावावरून कळलं होतं त्यांना. तू ओळीच्या दुसऱ्या टोकाला होतीस. कुणाला काही न बोलता आपलं ताट घेऊन आलीस आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसलीस, वर म्हणालीस, 'सरक ना जराशी, काऊन पसरून बसली?' त्या मुलीच्या जिवावर मी तुझं इतकी वर्षं ऐकून घेतलं आहे. ती मुलगी दहानंतर बारा म्हणाली नसती. हे तुला लागावं म्हणूनच लिहिते आहे. गेले तीन आठवडे मी ज्याला त्याला सांगत सुटले, की वच्छला दगड आहे, वच्छलाला माणूस कळत नाही. बापूरावांना सांगितलं, वाचनालयाच्या शिपायाला सांगितलं. खूप बरं वाटायचं सांगताना.

परवा शुक्रवारी मी इसरूकडे गेले. तुझ्याविरुद्ध त्याच्यापाशीही चार शब्द बोलावेत आणि त्याला थांबवावं, असा बेत होता. तो अंगणात बाजेवर बसून कपड्यांचं गाठोडं बांधत होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, 'बाई, म्याडमनं माहा अर्ज वाचला का? लय चुका होत्या का त्याच्यात? मनून नाव कापलं का?' वच्छला, त्याने अर्ज दिला होता. जायच्या आदल्या दिवशी माझ्या घरी आणून दिला, पाटीवर चार वेळा गिरवून मग कागदावर उतरवलेला. मी चष्मा लावून पाहिलं. तारीख नव्हती. मी त्याला तोंडावर काही बोलले नाही, म्हटलं परत आला की त्रुटी पुरी करून घेऊ, आणि अपूर्ण कागद पुढे पाठवायचा नाही म्हणून पुढच्या वर्गाच्या वेळी हजेरीपटाच्या मागच्या खिशात ठेवला. तू दहानंतर बारा म्हणालीस तेव्हा तो तुझ्याच हातातल्या पटात होता आणि मी तुझ्या शेजारी बसले होते. मला एका शब्दाने तुला थांबवता आलं असतं. मला लाज वाटली, चौदा माणसांसमोर सत्यशीलाबाईंनी अर्ज दाबला असं झालं असतं. मग वर्ग संपल्यावर पट आवरताना तो कागद काढून पर्समध्ये टाकला, आणि तुझ्यावर राग धरला. परवाही त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, 'तिला वाचायला वेळ मिळाला नसेल.' म्हणजे पुन्हा तुझ्याच माथी मारलं. तो मान हलवत म्हणाला, 'नाई, म्याडम वाचल्याबिगर राहत नाई. चुकाच असन.' तो कागद या पाकिटात आहे. त्यावर लिहिलंय : 'म्याडम, मोव येचाले जातो. तीन बूदवार येनार नाई. नाव कापू नोका. इसरू.' माणसाने त्र्याहत्तर वर्षांत स्वतःच्या हाताने लिहिलेलं हे पहिलं लिखाण, आणि ते तुझ्या नावाने आहे. मला काय शिक्षा करायची ती कर, दाराबाहेर उभी कर, सगळ्यांसमोर वाचून दाखव. पण आधी तो लाल पेन घे आणि हा कागद तपास. एकही चूक सोडू नकोस, शेरा लिही, सही कर. गुरुवारी बस सहाला सुटते, मी स्टँडवर असेन. पट घेऊन ये आणि अकरावं नाव तूच पुकार, मोठ्याने, त्याला हल्ली कमी ऐकू येतं.

तुझीच,
सत्यशीला

सोबत : मूळ अर्ज, एक पान. तारीख मी घातलेली नाही.