कॅज्युअल म्हणजे रजा नव्हे

प्रेमा,

तुझ्या मुलाखतीच्या पत्रातल्या 'स्मार्ट कॅज्युअल'वरून बाबांनी आज सुट्टी असल्याचा निष्कर्ष काढला आहे. तो चूक आहे. त्यांच्या कचेरीत कॅज्युअल म्हणजे रजा. इथे तो पोशाख आहे. नीटनेटके दिसावे, पण लग्नाला निघाल्यासारखे नको, एवढाच अर्थ. म्हणून जरीची साडी मी परत कपाटात ठेवली. खुर्चीवर माझा निळा हातमागाचा कुडता आणि पांढरी सलवार आहे, इस्त्री केलेली. घड्याळही माझेच घाल. हे सगळे ठेवायला मी दारातून दोनदा परत आले. आता कॉलेजात प्रॅक्टिकल सुरू होईल.

मंगळसूत्राविषयी पत्र काही सांगत नाही. दहिसरचे सासर सोडून तुला सात महिने झाले. घालावे की काढावे, याला माझ्याकडे पुरावा नाही. काढलेस तर माझ्या खणात ठेव. बाबांना संध्याकाळी मी सांगेन. खणाची किल्ली घड्याळाखाली आहे.

वसुताई